प्युब्लो लोकांची जुनी घरं

अमेरिकेत युटा, कोलोराडो, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं जिथे एकमेकांना टेकतात त्या कोरड्या पठारावर आजच्या प्युब्लो या मूळनिवासी लोकांचे पूर्वज राहायचे. प्युब्लो हा स्पॅनिश शब्द, अर्थ साधा, गाव. जुन्या पुस्तकांत त्यांना अनासाझी म्हटलंय, पण तो नाव्हाहो या दुसऱ्या मूळनिवासी लोकांचा शब्द, त्यात शत्रू असा अर्थ येतो, म्हणून प्युब्लो लोकांना तो खटकतो, आणि खटकणारच.

आधी मडकी नव्हती, घट्ट विणलेल्या टोपल्या होत्या आणि मका साठवायला जमिनीत पेवं. इ.स. ५०० ते ७५० च्या सुमारास माणसंही अर्धी जमिनीतच राहायची, म्हणजे खोल खड्डा, त्यात चार खांब, वर लाकडं, काटक्या आणि चिखल, आणि बरेचदा आत उतरायचं ते छतातल्या भोकातून शिडीने, चुलीचा धूरही तिथूनच बाहेर. हवा यायला बाजूने भुयारासारखी वाट, आणि तो झोत थेट विस्तवावर येऊ नये म्हणून मध्ये एक दगड उभा केलेला!

पुढे जमिनीवर कुडाच्या खोल्यांच्या रांगा आल्या, आधी धान्यासाठी, मग राहायलाच, नंतर दगडी भिंती. पण खड्ड्यातलं घर मोडीत निघालं नाही, त्याचा किवा झाला, म्हणजे पूजाविधी आणि बैठकीची जागा. बऱ्याच किवांच्या जमिनीत एक छोटंसं भोक असतं, पूर्वज खालच्या जगातून वर आले त्याची खूण.

न्यू मेक्सिकोतल्या चाको खोऱ्यातलं प्युब्लो बोनिटो हे भलंमोठं दगडी घर ८५० ते ११५० मध्ये वाढत गेलं, सहाशेच्या वर खोल्या, काही भाग चार मजली, आणि चाक नाही, बैल नाही, तरी छताची लाकडं ७५ किलोमीटरवरच्या डोंगरांतून माणसांनी आणलेली.

नंतर कोलोराडोतल्या मेसा व्हर्डेला लोकांनी कड्याच्या कपारीत गावं बांधली. तिथल्या क्लिफ पॅलेसमध्ये साधारण १५० खोल्या आणि २३ किवा, किवाचं छत म्हणजेच वरचं अंगण. १२७६ ते १२९९ मोठा दुष्काळ पडला (झाडांच्या खोडातल्या वलयांवरून हे कळतं), भांडणंही होती, आणि १३०० पर्यंत कपारी रिकाम्या झाल्या. लोक 'गायब झाले' वगैरे काही नाही, ते रिओ ग्रांडे नदीकडे, होपी आणि झुनी या प्युब्लो लोकांच्या गावांकडे गेले. न्यू मेक्सिकोतल्या ताओस प्युब्लो या गावात आजही कुटुंबं राहतात, मातीच्या भिंती पुन्हा पुन्हा लिंपतात.