सॅटर्डे नाइट लाइव्ह

अमेरिकेतील एनबीसी वाहिनीचा विनोदी प्रहसनांचा साप्ताहिक कार्यक्रम. रूढ नाव एसएनएल. लॉर्न मायकल्स यांनी तो ११ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू केला. पहिल्या भागाचे पाहुणे सूत्रधार जॉर्ज कार्लिन होते. पन्नास वर्षांत नट, लेखक आणि विनोदाची जात बदलत गेली. कामाची पद्धत मात्र जवळजवळ जशीच्या तशी राहिली, आणि कार्यक्रम टिकण्याचे मोठे श्रेय तिलाच द्यायला हवे.

सोमवारी कल्पना मांडल्या जातात, मंगळवारची रात्र लेखक जागून काढतात, बुधवारी सगळी प्रहसने सर्वांसमोर वाचली जातात आणि त्यातली बरीचशी तिथेच बाद होतात. शनिवारी रात्री आठला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील ८एच स्टुडिओत प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते. हशा आला नाही की प्रहसन गळते. साडेअकराला थेट प्रक्षेपण. मधल्या वेळात बदललेली वाक्ये मोठ्या पुठ्ठ्यांवर आजही हातानेच लिहिली जातात आणि नट कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या त्या पुठ्ठ्यांवरून वाचतात.

माणसे बदलण्याची सवय पहिल्यापासूनची. पहिल्या संचातले नट चेव्ही चेस १९७६ मध्येच कार्यक्रम सोडून गेले, पुढच्या वर्षी बिल मरे आले. पण १९८० मध्ये मायकल्स यांच्यासह नट आणि बहुतेक लेखकही एकदमच बाहेर पडले, आणि जुन्यांच्या हाताखाली नवे तयार होण्याची साखळी तुटली. नव्या निर्मात्या जीन डूमेनियन यांना वर्षभरही मिळाले नाही. त्या पडत्या काळात कार्यक्रम तगला तो मुख्यतः एकोणीस वर्षांच्या एडी मर्फीमुळे. १९८५ मध्ये परतलेल्या मायकल्स यांनी सिनेमात नाव कमावलेली तरुण मंडळी घेतली. तेही जमले नाही, कारण प्रसिद्धी आणि प्रहसनाची तालीम या वेगळ्या गोष्टी आहेत. १९८६ मध्ये डॅना कार्व्ही, फिल हार्टमन आणि जॅन हुक्स आले, तेव्हा कुठे घडी बसली.

कोणाला संधी मिळते, हा बदल फार सावकाश झाला. मुख्य लेखकपदी पहिली स्त्री, टीना फे, १९९९ मध्ये आली. माया रुडॉल्फ यांनी २००७ मध्ये कार्यक्रम सोडल्यावर नटसंचात अनेक वर्षे एकही कृष्णवर्णीय स्त्री नव्हती. उघड टीका झाल्यावरच जानेवारी २०१४ मध्ये सशीर झमाटा यांची निवड झाली. ही दिरंगाई कार्यक्रमाच्या इतिहासातली खरी उणीव आहे.

डिसेंबर २००५ मध्ये अँडी सॅमबर्ग आणि ख्रिस पार्नेल यांचे ‘लेझी संडे’ हे आधी चित्रित केलेले रॅप गाणे दाखवले गेले आणि ते तेव्हा नव्या असलेल्या यूट्यूबवर झपाट्याने पसरले. एनबीसीने ते आधी काढायला लावले. पुढे वाहिनी स्वतःच प्रहसने सुटी करून तिथे टाकू लागली. शनिवारी जागणाऱ्यांसाठी लिहिलेला विनोद रविवारी सकाळी मोबाइलवर पाहिला जाऊ लागला.

राजकीय नकलांचे वळणही बदलले. चेस यांनी अध्यक्ष फोर्ड साकारताना ना रंगभूषा केली ना आवाज काढला, ते फक्त अडखळून पडत राहिले. २००८ मध्ये फे यांनी रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन साकारल्या तेव्हा चेहरा, केस, हेल सगळे हुबेहूब होते. फे तेव्हा नटसंच सोडून गेलेल्या होत्या. मोठ्या राजकीय भूमिकेसाठी बाहेरचा नामवंत नट आणण्याची प्रथा त्यानंतर बळावली. २०१६ पासून ट्रम्प साकारणारे अॅलेक बाल्डविन हेही नटसंचातले नव्हते. २०२१ मध्ये जेम्स ऑस्टिन जॉन्सन दाखल झाले आणि ट्रम्प यांची नक्कल नटसंचाकडे परत आली.