बोरघाटातली रेल्वे: कंत्राटदार बाई आणि धनगराचा देव

१८५८ साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मुंबईकडची गाडी त्याआधीच घाटाच्या पायथ्याशी पोचली होती. मधला घाट मात्र उतारूंना पालखीत, बैलगाडीत नाहीतर पायीच चढावा लागे. ही गैरसोय पुढची पाच वर्षं चालली.

अडचण उंचीची होती. जेमतेम सोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे आणि काही ठिकाणी चढ ३७ फुटांना एक फूट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांच्या आखणीत २५ बोगदे होते. कडा इतका सरळ की सुरुंगाची भोकं पाडायला मजुरांना दोर बांधून वरून सोडावं लागे. काम १८५६ मध्ये सुरू झालं. पहिलं कंत्राट फॅव्हिएल यांचं होतं. बोरीबंदर ते ठाणे हा पहिला मार्गही त्यांच्याच भागीदारीने बांधलेला. घाटाने मात्र त्यांना जेरीला आणलं. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि त्याच वर्षी फॅव्हिएल कंत्राटातून बाहेर पडले.

त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल पत्नी अॅलिससह इंग्लंडहून आले आणि काही आठवड्यांतच आजारपणाने वारले. पुढचं जहाज पकडून अॅलिस परत गेल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी कंत्राट स्वतःकडे घेतलं, अॅडमसन आणि क्लाउझर या इंजिनिअरांवर रोजचं काम सोपवलं आणि घाट पुरा करून दिला. १८६१ मध्ये एका वेळी ४२,००० च्या आसपास माणसं घाटात राबत होती. एका विधवा बाईच्या नावावर चाललेलं एवढं काम त्या काळात इंग्लंडातही नवलाचं ठरलं असतं.

या कामात पटकी, ताप आणि अपघातांनी सुमारे २५,००० मजूर दगावले असं नेहमी सांगितलं जातं. आकडा अंदाजाचा आहे, आणि मेलेल्यांची धड गणती झाली नाही ही गोष्ट मला त्या आकड्यापेक्षा जास्त बोचते.

२१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मार्ग खुला केला. बर्कली तोवर हयात नव्हते. आदल्याच वर्षी ते वारले होते.

लोकांनी लक्षात ठेवला तो शिंग्रोबा. साहेबाला घाटाची वाट सापडेना, ती या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून साहेबाने त्याला गोळी घातली, अशी ही दंतकथा. कुणी ती रेल्वेची सांगतं, कुणी सडकेची. गाडीरस्ता १८३० मध्येच झाला होता, म्हणजे रेल्वेवाल्यांना वाटाड्याची तितकी गरज नसावी. शिंग्रोबाचं देऊळ आजही जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आहे आणि ट्रकवाले जाता-येता तिथे नाणं टाकतात. अॅलिसबाईंच्या वाट्याला एवढीही आठवण आली नाही.

खंडाळ्याजवळ डोंगराच्या सोंडेवर रुळांना वळायला जागाच नव्हती. म्हणून तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढे चढायची. हे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नव्या बोगद्यांच्या मार्गाने रद्द झालं. चढ मात्र हटला नाही. पुण्याकडे निघालेल्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात. ती लागेपर्यंतच्या थांब्यावर कर्जतच्या वडेवाल्यांचा धंदा उभा राहिला.