चपटा तळ की व्ही तळ : हिडकलच्या पाण्यासाठी कोणती मोटारहोडी?

अॅल्युमिनियमच्या दोन १२ फुटी मोटारहोड्या पाण्यात शेजारी उभ्या केल्या, तर लांबून त्या सारख्याच दिसतात. फरक असतो तो तळात. एकीचा तळ परातीसारखा सपाट असतो, तर दुसरीचा दोन्ही बाजूंनी मधल्या कण्याकडे उतरत जाऊन इंग्रजी व्ही अक्षराचा आकार घेतो. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीवर असलेल्या हिडकल जलाशयात हौसेने फिरण्यासाठी होडी घेणाऱ्या माणसाने इंजिनाचा विचार करण्यापूर्वी या तळाचा विचार करावा, असे मला कळकळीने वाटते.

काठावर होडीत पाय ठेवून पाहण्याची आपली पद्धत इथे फसवते. सपाट तळाची होडी माणूस एका बाजूला सरकला तरी फारशी हलत नाही. व्ही तळाची मात्र लगेच कलते, आणि तेवढ्यावरून तिला असुरक्षित ठरवले जाते. वास्तविक ही परीक्षा केवळ शांत पाण्याची आहे. सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो, म्हणून पाणी स्थिर असेपर्यंत होडीही स्थिर असते. पण लाट तिरपी झाली की होडीही तिच्याबरोबर तिरपी होते, वेगात असताना तळ लाटेवर आपटतो आणि पुढची बाजू बसकी असल्यास पाणी आत येते. व्ही तळ सुरुवातीला थोडा कलतो खरा, परंतु कलल्यावर त्याची रुंद होत गेलेली बाजू पाण्यात उतरते आणि होडीला आधार देते. शिवाय त्याचे टोकदार नाक लाट कापत जाते. पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणारा पश्चिमेचा वारा मोकळ्या पाण्यावर लाटा उठवतो, तेव्हा हा फरक अंगाला जाणवतो.

उन्हाळ्यात मात्र पारडे फिरते. पाणी उतरल्यावर हुन्नूरचे एरवी बुडालेले विठ्ठल मंदिर उघडे पडते. तसेच दगड, बुंधे आणि गाळही पृष्ठभागाजवळ येतात. अशा उथळ पाण्यात, विशेषतः काठाकाठाने गळ टाकत हिंडणाऱ्याला, कमी बुडणारी सपाट होडीच सोयीची पडते.

इंजिनाचा हिशेबही तळावर अवलंबून आहे. जलाशय भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६३ मीटर असते, आणि या उंचीवर विरळ हवेमुळे साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती ६ ते ७ टक्क्यांनी घटते. व्ही तळाला पाण्यावर उचलून धावायला मुळातच अधिक जोर लागतो, त्यामुळे ही घट तिलाच जास्त भोवते. इंजिन घेताना ते जिच्यावर अडकवतात त्या होडीच्या मागच्या फळीची उंची मोजावी, कारण इंजिनाचा पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा तिला जुळावा लागतो. आखूड दांड्याचे इंजिन साधारण १५ इंची फळीला, तर लांब दांड्याचे २० इंची फळीला बसते.

मुलाबाळांना घेऊन मधल्या खोल पाण्यात जायचे असेल, तर मी व्ही तळाचीच होडी निवडेन, मग काठावर चढता-उतरताना ती कितीही डुलो. जीवरक्षक जाकीट मात्र दोन्हींत प्रत्येकाच्या अंगावर हवेच, आणि इंजिनाची होडी पाण्यात उतरवण्याआधी तिची नोंदणी व धरणाच्या अधिकाऱ्यांची परवानगी यांची चौकशी करावी. ज्यांचा निर्णय होत नसेल, त्यांनी मे महिन्यात एकदा काठाने पायी फिरून यावे. ऑगस्टमध्ये आपल्या होडीखाली काय असणार आहे, ते तेव्हा उघड्या डोळ्यांनी दिसते.