बसून बसून संपलेली बॅटरी

लाइट गेली, संगणक काही वेळ बॅटरीवर चालवणाऱ्या यूपीएसनं एकदा ‘टीं’ केलं आणि लगेच संगणकाचा पडदा काळा. मे महिन्यात आमच्या घरी हे तीनदा झालं. दुकानात विचारलं तर ‘नवीनच घ्या’ म्हणाले. खोलून पाहिलं, तर सर्किट ठणठणीत होतं. आतली विटेएवढी काळी बॅटरी मात्र एका बाजूनं फुगली होती. घरगुती यूपीएसचं दुखणं बहुतेक वेळा तिथंच असतं.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली शिसे-आम्ल बॅटरी बनवली. आपल्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी तिचीच वंशज. आत सहा कप्पे, प्रत्येकाचे साधारण दोन व्होल्ट. एक पट्टी शिशाची, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, मध्ये सल्फ्युरिक आम्ल. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं, चार्ज होताना ते मोडून पट्ट्या पूर्ववत होतात. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीसारखं हिच्यात पाणी घालावं लागत नाही, कारण आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं आणि चार्जिंगमध्ये सुटणाऱ्या ऑक्सिजनचं आतल्या आतच पुन्हा पाणी होतं.

आमच्याकडे लाइट महिन्यातून दोन-चारदाच जाते. मग बॅटरी झिजली कशानं? चोवीस तास भरलेलं राहण्यानं. यूपीएस तिला सतत १३.५ ते १३.८ व्होल्टवर टेकवून ठेवतो. त्या दाबाखाली धन पट्टीची, म्हणजे डायऑक्साइडवालीची, शिशाची जाळी हळूहळू गंजते, फुगते. थोडं थोडं पाणीही उडून जातं आणि चटई कोरडी पडते. यात उष्णतेची भर. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. टेबलाखाली, भिंतीला चिकटून, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी बसलेल्या बॅटरीला विदर्भातल्या उन्हाळ्यात ४५ अंश सोसावे लागले, तर झीज चौपट वेगानं होते.

व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर इथे फसवतो. माझ्या बॅटरीनं १२.६ व्होल्ट दाखवले, म्हणजे वरकरणी ठीकच. पण दीडशे वॉटचा संगणक चालवायला तिच्यातून बारा-पंधरा अँपिअर खेचावे लागतात. गंजलेल्या, सुकलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, वाढलेला असतो. त्यामुळे भार पडताच व्होल्ट कोसळतात आणि यूपीएस स्वतःला बंद करून घेतो. म्हणून गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा दिवा जोडून मोजावं. दिवा लागल्यावर आकडा झपाट्यानं उतरू लागला, तर बॅटरी गेली.

एरवी लाइट गेल्यावर होणारी ही अदलाबदल किती चपळ असते! साधा यूपीएस दहा मिलिसेकंदांच्या आत मेन्सवरून, म्हणजे घरातल्या विजेवरून, बॅटरीवर येतो. तेवढा वेळ संगणकाच्या एसएमपीएसमधले (वीजपुरवठ्याच्या पेटीतले) थोडी वीज साठवणारे कपॅसिटर निभावून नेतात.

बॅटरी बदलणं घरी जमण्यासारखं आहे, फक्त घाई नको. यूपीएस बंद करून भिंतीतली पिन काढायची, हातातली अंगठी, कडं उतरवायचं. दोन टोकांमध्ये धातू आडवा आला तर क्षणात शंभरावर अँपिअर वाहू शकतात आणि अंगठी लाल होईपर्यंत तापते. सर्किटमधल्या कपॅसिटरांत वीज साठलेली असू शकते, म्हणून तिथे बोट नाही. आधी काळी क्लिप काढायची, मग लाल. नवी बॅटरी त्याच व्होल्टची, त्याच मापाची. लाल-काळ्याची उलटापालट झाली तर फ्यूज उडतो, कधी मॉसफेट, म्हणजे सर्किटमधले इलेक्ट्रॉनिक स्विचही जातात, आणि मग खरोखरच नवा यूपीएस घ्यावा लागतो. रात्रभर चार्ज केल्याशिवाय नव्या बॅटरीवर भिस्त ठेवू नये.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून योग्य ठिकाणी सोपवणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. बॅटरीचे दुकानदार सहसा ती परत घेतात, वर किमतीत सूटही देतात.

नव्या बॅटरीवर मी मार्करनं तारीख लिहिली आहे आणि यूपीएस भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आहे.