सेकंड अ‍ॅव्हेन्यूचं भुयार : गरज कुणाची, प्राधान्य कुणाला?

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये धावू लागली तेव्हा तिकीट होतं पाच सेंट. १९४८ पर्यंत ते तेवढंच राहिलं. भाडं वाढवलं की मतं जातात, हे दरेक महापौराला ठाऊक होतं. या हट्टापायी रेल्वे चालवणाऱ्या खासगी कंपन्या डबघाईला आल्या आणि १९४० मध्ये शहराला त्या विकत घ्याव्या लागल्या. रुळांची, डब्यांची दुरुस्ती वर्षानुवर्षं तुंबत गेली. सेकंड अ‍ॅव्हेन्यूखालचा मार्ग इतका का रखडला, याचं मूळ इथेच सापडतं.

मॅनहॅटनच्या पूर्व भागासाठी हा मार्ग १९२९ मध्येच आखला होता, पण त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. पुढे भुयारी मार्ग येणारच आहे या भरवशावर सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरची उन्नत रेल्वे १९४२ पर्यंत बंद झाली, थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरची १९५५ मध्ये. लोकांच्या हातचं गेलं आणि कबूल केलेलं आलंच नाही. सगळा भार त्या भागातल्या एकट्या लेक्सिंग्टन भुयारी मार्गावर पडला. २०१० च्या दशकात तिथे दिवसाला सुमारे १३ लाख प्रवासी होते.

१९५१ मध्ये मतदारांनी ५० कोटी डॉलरच्या कर्जाला मंजुरी दिली. हा पैसा नव्या मार्गासाठी आहे, अशीच सर्वांची समजूत होती. तो बहुतांश जुन्या जाळ्याच्या डागडुजीत गेला. ती डागडुजी गरजेची होती, यात शंका नाही. पण तिच्यासाठी कायमचा, वेगळा पैसा उभा न करता नव्या मार्गाच्या नावाने मतं मागणं ही मतदारांची फसवणूकच होती.

१९६८ मध्ये एमटीए ही राज्याची वाहतूक संस्था स्थापन झाली आणि आणखी एक गुंता तयार झाला: मालकी शहराची, कारभाराची सूत्रं मात्र राज्याच्या गव्हर्नरच्या हाती. काही अडलं की दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं, ही रीत तेव्हापासूनची. २७ ऑक्टोबर १९७२ रोजी ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत १०३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गव्हर्नर रॉकफेलर आणि महापौर लिंडसे यांनी भूमिपूजन केलं. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या कडेवर पोहोचलं आणि काम थांबलं. भुयाराचे जे तुकडे खणून झाले होते, ते तसेच बंद करून ठेवले.

आता याच्या शेजारी याच भुयारी रेल्वेच्या ७ क्रमांकाच्या मार्गाचा विस्तार ठेवून पाहा. मॅनहॅटनच्या पश्चिम भागातल्या हडसन यार्ड्सच्या ओसाड रेल्वे यार्डांवर टॉवर उभे करायचे, म्हणून महापौर ब्लूमबर्ग यांना तिथे स्थानक हवं होतं. शहराने स्वतः कर्जरोखे काढले, भावी इमारतींच्या मालमत्ता करातून फेड होईल असा हिशेब मांडला आणि सुमारे २.४ अब्ज डॉलर खर्चून २०१५ मध्ये काम पुरं केलं. वाटेतलं टेन्थ अ‍ॅव्हेन्यूचं स्थानक मात्र खर्च वाचवण्यासाठी वगळलं. जिथे जमिनीचा भाव वाढणार होता तिथे पैसा उभा राहिला. जिथे माणसं आधीच गर्दीत चेंगरत होती तिथे 'निधी नाही' हेच उत्तर मिळत राहिलं. हे मला अन्यायाचं वाटतं.

सेकंड अ‍ॅव्हेन्यूचा पहिला टप्पा १ जानेवारी २०१७ रोजी सुरू झाला: तीन नवी स्थानकं, तीन किलोमीटरहून थोडं कमी अंतर, सुमारे ४.५ अब्ज डॉलर. तोही अप्पर ईस्ट साइडच्या सुस्थितीतल्या वस्तीत. त्याच वर्षी जूनमध्ये उरलेल्या जाळ्याची अवस्था इतकी बिकट झाली की गव्हर्नर क्युओमो यांना आणीबाणी जाहीर करावी लागली.

दुसरा टप्पा १२५व्या रस्त्यापर्यंतचा, म्हणजे ईस्ट हार्लेमचा. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३.४ अब्ज डॉलर मंजूर केले. राज्याचा वाटा गर्दीच्या भागात शिरणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्कातून यायचा होता. जून २०२४ मध्ये गव्हर्नर होकुल यांनी ऐन वेळी ते शुल्क रोखलं आणि टप्प्याचं काम थांबलं. अखेर १५ ऐवजी ९ डॉलर दराने जानेवारी २०२५ मध्ये वसुली सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनने आपला निधी रोखून धरल्याचं जाहीर केलं. भूमिपूजन झालं त्या वस्तीत सेकंड अ‍ॅव्हेन्यू मार्गाचं एकही स्थानक तोवर उघडलेलं नव्हतं.