मुंगीच्या तोंडचा घास

‘तोंडचा घास पळवला’ असं आपण सहज म्हणतो. मलाया प्रजातीतले डास हे अक्षरशः करतात, तेही मुंगीच्या तोंडातून.

आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशिया आणि न्यू गिनीपर्यंतच्या दमट जंगलांत या डासांच्या जेमतेम डझनभर जाती आढळतात. 1908 मध्ये या प्रजातीला मलाया या प्रदेशावरून (आजच्या मलेशियाचा भाग) नाव मिळालं. दुसऱ्याची आयती मलई खाणाऱ्याला मराठी कानांनाही ते शोभून दिसतं!

झाडावर मावा किंवा खवले कीड पडली की पानांवर गोड चिकटा साचतो. क्रेमॅटोगॅस्टर नावाच्या मुंग्या (पोटाचा बदामी आकाराचा भाग डोक्यावर उचलून धरणाऱ्या) तो पिऊन खोडावरून घराकडे निघतात. मुंगीला दोन पोटं असतात म्हणा ना; एक स्वतःचं, दुसरं वारुळाचं. भुकेल्या बहिणीने मिशांनी थोपटलं की ती या दुसऱ्या पोटातला थेंब तोंडात आणून देते. मलायाला हे बरोबर ठाऊक. तो वाटेत मुंगीसमोर उतरतो, तिला थांबवतो आणि सोंड थेट तिच्या जबड्यांच्या मधे घालतो. मुंगी थेंब देऊन टाकते. क्षणभराचा कारभार. मग मुंगी आपल्या वाटेने, डास पुढच्या मुंगीकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड जेकबसन या डच निसर्ग-अभ्यासकाने जावा बेटावर हे पाहिलं आणि नोंदवून ठेवलं.

सोंडही या कामासाठीच घडलेली. सुईसारखी टोकदार नाही. टोकाला फुगीर आणि केसाळ. भारतातही सापडणाऱ्या एका जातीचं नावच ‘जेन्युरोस्ट्रिस’, म्हणजे गुडघ्यासारखी वाकलेली सोंड. असल्या सोंडेने कुणाला चावणार? नर तर नाहीच, पण मादीलाही अंडी घालायला रक्त लागत नाही.

या जातीच्या अळ्या वाढतात कुठे, तर अळूच्या देठांच्या बेचक्यात साचलेल्या चमचाभर पाण्यात. इतर जाती केवड्याच्या पानांच्या बेचक्यांत, नाहीतर घटपर्णीच्या पेल्यात पिलावळ वाढवतात.

डासांवरचा बहुतेक पैसा आणि वेळ मलेरिया, डेंग्यू पसरवणाऱ्यांवर खर्च होतो, आणि ते रास्तच आहे. मलाया माणसाला चावत नाही, म्हणून त्याच्याकडे फारसं कुणी वळत नाही. मुंग्या मात्र त्याला रोज भेटतात.