पहिला टॅरो डेक घेताना

टॅरो म्हणजे भविष्य बघण्यासाठी वापरतात ते चित्रांचे पत्ते, आणि त्यांचा पूर्ण संच म्हणजे डेक. नव्याने शिकणाऱ्यांना आम्ही एकच डेक सुचवतो: रायडर-वेट-स्मिथ. 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या या डेकसाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी 78 च्या 78 पत्त्यांवर चित्रं काढली, आणि शिकताना तीच कामाला येतात. कप्सची, म्हणजे पेल्यांची, पंजी घ्या. काळा झगा पांघरलेला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे मान खाली घालून बघतोय. पाठीमागे दोन पेले उभेच आहेत, नदीवर पूलही आहे, पण त्याचं तिकडे लक्ष नाही. अर्थ पाठ नसला तरी एवढ्यावरून चार वाक्यं सुचतात. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकमधल्या पंजीवर नुसते पाच पेले मांडलेले असतात. नवख्याला तिथे काही उमगत नाही. थॉथ हा आणखी एक टॅरो डेक आम्हाला फार आवडतो, तरी तो नंतर घ्या. 'ओरॅकल' लिहिलेला संच म्हणजे टॅरो नव्हे.

घरात पत्ते खेळत असाल तर अर्धी ओळख झालेलीच आहे. बदाम म्हणजे कप्स, इस्पिक म्हणजे स्वोर्ड्स, चौकट म्हणजे पेंटॅकल्स आणि किलवर म्हणजे वाँड्स. गुलाम, राणी, राजा यांच्यात इथे एक घोडेस्वार वाढतो, म्हणून 13 ऐवजी 14 पाने. असे 56, आणि मेजर आर्कानाचे, म्हणजे क्रमांक आणि नाव असलेले वेगळे पत्ते, 22.

पुस्तकही एकच पुरे, पण ते डेकशी जुळणारं हवं. अनुक्रमणिकेत 8 वर 'स्ट्रेंग्थ' आणि 11 वर 'जस्टिस' असेल तर ते या डेकचं. उलट असेल तर बहुधा मार्सेय पद्धतीचं. ते घेऊन गोंधळ उडतो. पुस्तकाहून महत्त्वाची आहे साधी शंभर पानी वही. रोज सकाळी एक पत्ता काढा, आणि पुस्तक उघडण्याआधी चित्रात काय दिसतं ते मराठीतच लिहा. इंग्रजी शब्द पाठ केले की ऐन वेळी आठवत नाहीत, स्वतःचं वाक्य आठवतं.

स्वस्तातल्या नकली डेकपासून सावध राहा. पत्ते पातळ, रंग फिके, आणि पुस्तिकेऐवजी खोक्यावर नुसता क्यूआर कोड. अस्सल डेकमध्ये बहुतेक पत्त्यांच्या खालच्या कोपऱ्यात पामेला यांची वळणदार सही दिसते. नकली पत्त्यावर तिथे बऱ्याचदा डागच असतो.

पहिला डेक कुणीतरी भेटच द्यावा लागतो, असं काहीजण सांगतात. तसं काही नाही, स्वतः खुशाल घ्या. फक्त नेहमीचा पत्ता सुमारे 7 बाय 12 सेंटिमीटरचा असतो, लहान हातांना पिसायला जड जातो. आमच्या दुकानात एक उघडा डेक ठेवलाय, आधी पिसून बघा.